वीस तासांची अट

आठवड्याला वीस तास, दर चॅनेलमागे. एवढा वेळ शिकवण्याचे कार्यक्रम दाखवा, मग उरलेल्या वेळात तुमच्या वाट्याच्या लहरी खुशाल भाड्याने द्या. अमेरिकेतल्या शेकडो शाळा, विद्यापीठं आणि कॅथलिक धर्मप्रांत या अटीवर वर्षानुवर्षं जगले. मी रेडिओ इंजिनिअर. एका शाळेच्या टॉवरची लहर दुसऱ्या शाळेच्या डिशमध्ये घुसू नये याचं गणित मांडण्यात माझी नोकरी सरली. पण या अटीपाशी मला नेहमी अडायला व्हायचं, आणि अडचण गणिताची नसायची. जे कर्म पाहायला कुणी नाही, ज्याचं फळ दिसत नाही आणि करणाऱ्यालाही ज्याचा कंटाळा आलाय, ते करत राहायचं कशासाठी?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, २५०० ते २६९० मेगाहर्ट्झचा पट्टा शिक्षणासाठी बाजूला काढला. सहा-सहा मेगाहर्ट्झची एकतीस चॅनेल. उंच टॉवरवरून धडा प्रसारित व्हायचा, शाळेच्या छपरावरची छोटी डिश तो पकडायची आणि वर्गातल्या टीव्हीवर बाई गणित शिकवताना दिसायच्या. परवाना मिळायचा शाळांना, विद्यापीठांना, सरकारी आणि ना-नफा शैक्षणिक संस्थांना. कॅथलिक चर्चच्या शाळांचं जाळं मोठं, त्यामुळे न्यू यॉर्क, ब्रुकलिन, शिकागो, लॉस एंजेलिस अशा धर्मप्रांतांकडेही ही चॅनेल आली. त्या काळी या लहरींना बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. १९८३ मध्ये एफसीसीने त्यातली आठ चॅनेल काढून व्यापारी कंपन्यांना दिली आणि उरलेल्या परवानाधारकांना शिल्लक वेळ भाड्याने द्यायची मुभा दिली. तारेशिवायच्या केबल टीव्हीचे धंदेवाले भाडेकरू म्हणून आले. वीस तासांच्या अटीला खरा अर्थ आला तो तेव्हापासून.

हे सगळं वाचताना मला अमेरिका दिसतच नव्हती. मला आमचा सात-बारा दिसत होता.

आम्ही गुरव. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमच्या गावी भैरोबाची जमीन आहे, देवस्थान इनाम वर्ग ३. मालकाच्या जागी देवाचं नाव, खाली वहिवाटदार म्हणून आमचं घराणं. जमीन विकता येत नाही. कुळाने कसायची, खंड द्यायचा, आणि त्यातून आम्ही देवाची पूजा, नैवेद्य, नंदादीप आणि चैत्रातल्या यात्रेचा नगारा बघायचा. आजोबा दिवा कसा करायचे ते मला आजही रेघेरेघेने सांगता येईल. काल रात्रीची काजळी आधी बोटाने पुसायची, ते बोट खांबाला पुसायचं (त्या खांबावर काळ्या बोटांचा हातभर पट्टा तयार झाला होता), मग वात वर ओढायची, पितळी पळीने तेल घालायचं आणि दाराकडे पाठ करून ज्योत सांभाळत दिवा आत ठेवायचा. एवढं होईपर्यंत एक शब्द नाही. देवळात आषाढातल्या दुपारी चिटपाखरू नसायचं. भक्तीने ऊर भरून यावा असलंही काही नव्हतं. आजोबा मध्येच जांभई द्यायचे. पण संध्याकाळी पारावरचं एखादं म्हातारं हटकून विचारणार, "गुरव, दिवा लागला का?" कारण जमीन दिली होती ती दिव्यासाठी, आणि हे गावाला ठाऊक होतं.

तर शाळांच्या लहरी म्हणजे आकाशातलं इनाम, आणि वीस तास हा त्यांचा नंदादीप. दोन गोष्टी शंभर टक्के जुळत नाहीत हे मलाही कळतं. जमीन पडीक ठेवली तर कस धरते. लहर साठवता येत नाही, वापरली नाही तो क्षण गेला. पण पुढे जे घडलं त्यात हा दाखला मला फार उपयोगी पडला.

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये एफसीसीने दुतर्फा वापराचा आदेश काढला. तोवर लहर टॉवरवरून खाली यायची, उलट गेलाच तर नुसता आवाज. वायरलेस केबलवाल्यांचा धंदा उपग्रह टीव्हीने बसवला होता, म्हणून आदल्या वर्षी शंभरावर कंपन्या आणि संस्थांनी मिळून मागणी केली की याच पट्ट्यात आम्हाला डिजिटल इंटरनेट द्यायचंय, घराघरातून उलट बोलू द्या. आमच्या धंद्यात तेव्हा रात्र-रात्र दिवे जळत होते. अडचण खरी होती. हस्तक्षेप टळावा म्हणून जुन्या रचनेत चॅनेल एकाआड एक गुंफली होती: ए-१, बी-१, ए-२, बी-२. एका संस्थेच्या दोन चॅनेलांच्या मध्ये दुसऱ्या संस्थेचं चॅनेल. टॉवर मोजके आणि उंच असले की हे चालतं. पण घरोघरी छोटे प्रेषक बसले, आणि त्यातला एक शाळेच्या डिशसमोरच्याच गच्चीवर आला, तर डिश बिचारी बहिरी होणार. शाळांना हीच धास्ती होती. एफसीसीने संरक्षणाचे नियम घालून परवानगी दिली, आणि डिजिटल झालेल्यांनी किमान पाच टक्के क्षमता शिक्षणासाठी राखायची असंही ठरवलं. भाडेकराराला लांब मुदत मिळाली.

आपल्याकडे शेतजमिनीचा एनए झाला की काय होतं ते कुणाला सांगायला नको. तसंच झालं.

त्या दिवसांत कामानिमित्त मी धर्मप्रांताच्या एका टीव्ही-केंद्रात गेलो होतो. तळघरात दोन खोल्या, टेपांची कपाटं, एक रॅक आणि एक वयस्क सिस्टर. त्यांनी मला रजिस्टर दाखवलं. हिरव्या पुठ्ठ्याचं, हाताने रेघा मारलेलं. तारीख, टेपचा क्रमांक, सुरुवात, शेवट, तासांची बेरीज. शेवटचा रकाना शंकांचा होता. धडा संपल्यावर एखाद्या शाळेतून फोन आला किंवा पत्र आलं, तर तो प्रश्न तिथे उतरवायचा आणि उत्तर दिलं की समोर क्रॉस काढायचा. पानंच्या पानं तो रकाना रिकामा होता, मग मध्येच एका पानावर चार-पाच ओळी, अपूर्णांकांबद्दल.

मी त्यांना नवा आदेश समजावून सांगितला. आता मुलं उलट बोलू शकतील, प्रत्येक घरातून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "रात्री नऊ वाजता मुलाने विचारलं, तर इकडे बसणार कोण?"

माझ्याजवळ तेव्हा अपलिंकच्या वेगाचे आकडे होते. ते मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

पुढे कधीतरी स्टॅनफर्डची हकिगत नीट वाचली तेव्हा त्या प्रश्नाची धार कळली. स्टॅनफर्डने १९६९ मध्ये याच शैक्षणिक लहरींवर आपले वर्ग आसपासच्या कंपन्यांतल्या इंजिनिअरांपर्यंत पोचवायला सुरुवात केली. चित्र एकतर्फी, पण प्रश्न विचारायला उलटा आवाजी रस्ता होता. ह्यूलेट-पॅकार्डचा सँटा रोझाचा कारखाना मात्र लहरींच्या टप्प्याबाहेर होता. तिथल्या लोकांसाठी प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी वर्गाच्या टेप पाठवल्या आणि अट घातली की टेप एकट्याने बघायची नाही. चार-सहा जणांनी बसायचं, सोबत एक मार्गदर्शक, आणि कुणी अडलं की टेप थांबवून बोलायचं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. ही मंडळी खुद्द वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड, किंबहुना काकणभर सरस निघाली. मार्गदर्शक हा त्या विषयातला पंडितही नसायचा. तो थांबवायचा, एवढंच.

म्हणजे ज्यांच्याकडे लहरच पोचत नव्हती, त्यांना दुतर्फा शिक्षण सगळ्यात चांगलं मिळालं. आपल्याकडे तर हे जुनंच आहे. अर्जुन गप्प बसला असता तर गीता अठरा अध्याय गेली नसती. ज्ञानेश्वरीत श्रोते मध्ये बोलतात, आता स्तुती पुरे, पुढचं सांगा म्हणतात, आणि ज्ञानदेव ते मनावर घेतात. नेवाशाच्या त्या मंडपात अपलिंक होती म्हणायची.

आता माझ्या मूळ शंकेकडे. मीमांसक कर्माचे प्रकार पाडतात. काम्य कर्म फळासाठी: पुत्र हवा, पाऊस हवा. नित्य कर्म रोजचं, संध्येसारखं. ते केलं म्हणून पदरात वेगळं काही पडत नाही, पण टाळलं तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. सर्वसाधारण माणसाला हे अन्यायाचं वाटतं. केल्याचं काही नाही आणि न केल्याचा दंड! शंकराचार्यांनी तर यावर मोठा आक्षेप घेतला. न करणं हा अभाव आहे, आणि अभावातून भाव निपजत नाही. मग जे केलंच नाही त्यातून दोष नावाची वस्तू कुठून जन्मली? तर्क बिनतोड आहे. माझ्यासारख्याला तो आवडतोच, कारण सिग्नल नाही तर आउटपुट नाही.

वीस तासांवर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं. टेप लागते, वर्गात कुणी बघत नाही, बेरीज जुळते, फाइल बंद. निव्वळ कर्मकांड. आणि ते खोटं नव्हतं. सिस्टरांचा शंकांचा रकाना मी पाहिला होता. आपल्या संतांनीही अशा कोरड्या आन्हिकाची सालटी काढली आहेत, आणि वारीच्या वाटेवर वाढलेल्या माझ्यासारख्याला त्यांचीच बाजू जवळची. भाव नाही तिथे टिळे-माळांचं काय करायचं?

शिवाय भाड्याच्या पैशाने वाईट काही झालं असं मला म्हणायचं नाही. कित्येक शाळांचे खर्च त्यावर निघाले. काही ना-नफा परवानाधारकांनी आपल्या लहरी मोबाइल कंपनीला देताना अट घातली आणि ग्रंथालयांना, गरीब विद्यार्थ्यांना स्वस्तात इंटरनेटची उपकरणं दिली. चर्चला तर या व्यवहाराचं शास्त्र आपल्या घरातच सापडतं. टॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात लिहून ठेवलंय की वस्तू सांभाळायला, वाटायला माणसाच्या हाती खाजगी असावी, पण वापराच्या बाबतीत त्याने ती सर्वांची समजावी. गांधीजींचा विश्वस्ताचा विचार याच अंगाने जातो, आणि तो ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रावर उभा आहे. विश्वस्ताने खंड घ्यावा, काही बिघडत नाही.

बिघडतं कुठे, ते समजून घ्यायला लहरीची मालकी म्हणजे काय हे एकदा बघावं लागतं. जमिनीत निदान माती असते. लहरीच्या परवान्यात हातात काय येतं? एवढंच, की अमुक पट्ट्यात, अमुक वर्तुळात बाकीचे सगळे गप्प बसतील. शैक्षणिक परवान्याचं वर्तुळ पस्तीस मैलांच्या त्रिज्येचं. दोन वर्तुळं एकमेकांवर चढली की छेदबिंदू जोडून मधोमध बांध घालायचा. त्या भागाचा आकार अमेरिकन फुटबॉलसारखा दिसतो म्हणून आम्ही त्याला फुटबॉल कापणं म्हणायचो. मी असे पुष्कळ बांध घातले. विनोबा १९५१ पासून गावोगाव फिरून सांगत होते की हवा, पाणी, ऊन यांची मालकी कुणी सांगत नाही, मग जमिनीचीच का सांगता? त्यांना जमीन हवेसारखी व्हायला हवी होती. इकडे हवेचे सात-बारे निघत होते. भारतात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट म्हटलं, आणि तो प्रमुख निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्यापैकीच. खटला निघाला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून.

म्हणजे परवाना ही इतरांच्या मौनाची देणगी आहे. लाखो लोक गप्प बसतात ते तुम्ही बोलावं म्हणून. तुम्ही बोलण्याची जागा भाड्याने दिलीत, तरी त्यांचं मौन चालूच असतं. त्या मौनाचं काय केलं, हे कुणीतरी दररोज विचारायला हवं, आणि ज्याला दिलं त्याने दररोज उत्तर द्यायला हवं, मग ते उत्तर जांभई देत का असेना. वीस तास हे ते उत्तर होतं.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते कागदोपत्री सगळं आहे. २००४ मध्ये एफसीसीने गुंफण सोडवून पट्टा सलग केला, सेवेचं नाव बदललं, शिक्षणाची अट ठेवली. २००६ पासून भाडेकरार तीस वर्षांपर्यंत करता येऊ लागला. (आमच्या देवस्थानची जमीन बिगरशेतीसाठी तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. माझ्या चुलतभावाला सोलरवाल्यांना जमीन द्यायची आहे, म्हणून हे कलम आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.) क्लिअरवायर, मग स्प्रिंट, मग २०२० मध्ये टी-मोबाइल, असे भाडेकरू एकमेकांच्या पोटात जात राहिले. जो पट्टा कुत्रं विचारत नव्हतं तो फाइव्ह-जीचा गाभा ठरला. आणि १० जुलै २०१९ रोजी एफसीसीने शिक्षणाची अटच काढली. परवाना शैक्षणिक संस्थेकडेच असावा हेही काढलं, शिकवलं पाहिजे हेही काढलं. तेव्हाचे अध्यक्ष अजित पै, कोकणी आईबापांचे चिरंजीव. त्यांचं म्हणणं, जुनी अट आता कालबाह्य आहे, पट्टा पूर्ण वापरात येऊ द्या. खुद्द अमेरिकेच्या शिक्षण खात्याने अट ठेवा असं कळवलं होतं. आयोगातल्या जेसिका रोझेनवर्सेल यांनीही विरोधी सूर लावला. इंटरनेटअभावी गृहपाठ अडणाऱ्या मुलांचा विषय त्या आधीपासून लावून धरत होत्या. २०२२ मध्ये उरलेल्या तुकड्यांचा लिलाव झाला, सुमारे ४३ कोटी डॉलर आले, बहुतेक परवाने टी-मोबाइलने घेतले.

शंकराचार्यांच्या तर्काने बघितलं तर काहीच घडलं नाही. कुणी न बघणाऱ्या टेपा थांबल्या, बस्स. २०२० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सलिनासच्या दोन मुलींचा फोटो जगभर फिरला. टाको बेलच्या बाहेर फूटपाथवर बसून फुकटच्या वायफायवर त्या शाळा करत होत्या. आमच्याकडे सिंधुदुर्गात एक मुलगी डोंगरावर खोप बांधून अभ्यास करत होती. सलिनासच्या मुलींचा आणि त्या आदेशाचा थेट संबंध जोडणं अप्रामाणिकपणाचं होईल, आणि मी तो जोडत नाही. वीस तासांच्या टेपांनी त्यांना त्या दिवशी काही मिळालं नसतं. पण तेव्हा जी ओरड झाली, सभा झाल्या, लेख आले, त्यांत या पट्ट्याचं नाव क्वचितच निघालं. याच कामासाठी आकाशाचा एक तुकडा १९६३ पासून लावून दिलेला होता, हे लोकांच्या ध्यानातच नव्हतं. पारावर विचारणारं म्हातारं उरलं नाही. अभावातून भाव निपजत नाही म्हणतात, पण विसर निपजतो, आणि तो चांगला जाडजूड, हक्क नोंदवून बसणारा असतो. मीमांसकांचा प्रत्यवाय मला या जागी पटला. दोष आकाशातून पडत नाही. ज्या हेतूने वस्तू दिली तो हेतू रोज हाताने धरला नाही की सुटतो, आणि सुटलेला कळतही नाही.

त्याच आदेशात एक गोष्ट बरी झाली. लिलावाआधी मूलनिवासी जमातींना आपापल्या भूमीवरच्या लहरी फुकट मागण्याची संधी मिळाली, २०२० मध्ये, आणि चारशेवर अर्ज आले. त्यांच्याआधी वाट दाखवली होती हवासुपाई लोकांनी. त्यांचं सुपाई गाव ग्रँड कॅनियनच्या तळाशी, सडकेपासून आठ मैल खाली. टपाल अजून खेचरावरून जातं. गावात हायस्कूल नाही, मोठी मुलं शिकायला बाहेर पाठवावी लागतात. म्युरलनेट या ना-नफा संस्थेच्या मदतीने २०१८ मध्ये त्यांनी तात्पुरत्या परवानगीवर याच पट्ट्यात आपलं जाळं उभारलं, आणि बालवाडीच्या शिक्षिका दरी न चढता आपलं प्रशिक्षण पुरं करू लागल्या. पलीकडे उत्तर द्यायला माणूस होता, म्हणून त्या दुतर्फा लहरीचा उपयोग झाला.

जमातींना जे परवाने मिळाले त्यांची अट आहे ती व्याप्तीची: दोन वर्षांत निम्म्या लोकसंख्येपर्यंत आणि पाच वर्षांत ऐंशी टक्क्यांपर्यंत सिग्नल पोचला पाहिजे. मोजायला सोपी, म्हणून नियामकाला आवडणारी. कुणी काय विचारलं आणि त्याला कुणी उत्तर दिलं, याला त्या फॉर्मात जागा नाही. वीस तासांच्या अटीतही नव्हती, तोच तिचा खरा दोष होता. अट कालबाह्य झाली ती काळामुळे नव्हे, ती मुळात चुकीची वस्तू मोजत होती. तास मोजण्याऐवजी उत्तरं मोजायला हवी होती. हे तपासणार कसं, असं माझे एफसीसीतले परिचित विचारतात. त्यांना मी हिरव्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरातला शेवटचा रकाना सांगतो. एका सिस्टरने तो सरकारने न मागता आखला होता, पट्टीने.